जिभेखाली ठेवायची अ‍ॅलर्जीची गोळी : मुलासाठी उपचार सुरू करणाऱ्या पालकांना मार्गदर्शन

ज्या घरात एखाद्या मुलाची सर्दी बारा महिने हटत नाही, त्या घराला तिच्या खुणा वेगळ्या सांगाव्या लागत नाहीत. सकाळी उठल्याबरोबर ओळीने आठ-दहा शिंका, रात्री नाक चोंदल्यामुळे तोंड उघडे टाकून झोपणे, डोळ्यांखाली काळसर छटा आणि तळहाताने नाकाचा शेंडा खालून वर घासण्याची सततची सवय. ही सवय काही वर्षे टिकली की शेंड्याच्या जरा वर नाकावर एक बारीक आडवी रेघ उमटते, आणि अनुभवी बालरोगतज्ज्ञ तपासायला सुरुवात करण्यापूर्वीच ती रेघ टिपतात. अशा मुलांच्या पालकांना अलीकडे एक नवा पर्याय सुचवला जाऊ लागला आहे, तो म्हणजे जिभेखाली ठेवायची इम्युनोथेरपीची गोळी. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची वस्तू नाही, आणि हा लेखही डॉक्टरांची जागा घेण्यासाठी लिहिलेला नाही. दवाखान्यात जाताना काय विचारायचे आणि घरी आल्यावर काय करायचे, एवढेच येथे सांगायचे आहे. माझे मत आधीच नोंदवून ठेवतो : या उपचाराचे निम्मे यश पहिली गोळी तोंडात जाण्यापूर्वीच ठरलेले असते, आणि उरलेले निम्मे पुढच्या तीन वर्षांतल्या, काहीही विशेष न घडणाऱ्या दिवसांवर अवलंबून असते.

गोळी काय आहे आणि काय नाही

इम्युनोथेरपी हा शब्द ऐकल्याबरोबर घरातील ज्येष्ठ मंडळींच्या पोटात गोळा येतो, कारण हा शब्द त्यांनी कर्करोगाच्या संदर्भात ऐकलेला असतो. त्या उपचाराशी या गोळीचा काहीही संबंध नाही. दुसरा गैरसमज उलट बाजूचा आहे. औषधाच्या दुकानात ‘इम्युनिटी वाढवणारी’ म्हणून जी सरबते, चूर्णे आणि चॉकलेटी गोळ्या विकल्या जातात, त्यांच्याच रांगेत काही पालक ही गोळी बसवतात. वास्तविक अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाची प्रतिकारशक्ती कमी नसते. ती निरुपद्रवी गोष्टीवर विनाकारण तुटून पडत असते. त्यामुळे तिला बळ देण्याचा येथे प्रश्नच नाही, ओळख पटवून देण्याचा आहे.

ही ओळख पटवण्याची कल्पना जुनी आहे. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात लेनर्ड नून यांनी गवताच्या परागकणांचा अर्क रुग्णांना थोड्या-थोड्या वाढत्या मात्रेत टोचून पाहिला आणि १९११ साली त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. घरातील धुळीतला खरा गुन्हेगार म्हणजे माइट नावाचा, कोळ्याच्या कुळातला, साधारण एक तृतीयांश मिलिमीटर लांबीचा जीव आहे, हे नेदरलंड्समधील लायडन येथील संशोधकांनी १९६० च्या दशकात दाखवून दिले. सुईऐवजी जिभेखालच्या मार्गाचा नियंत्रित प्रयोग १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि तोही माइटच्याच अर्काचा होता. आजची गोळी ही त्या परंपरेतली, मात्रा काटेकोरपणे निश्चित केलेली आवृत्ती आहे. जिभेखालच्या नाजूक अस्तरात अशा पेशी असतात, ज्या बाहेरून आलेल्या पदार्थाची माहिती जवळच्या लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचवतात. तोच पदार्थ रोज, ठरावीक प्रमाणात आणि शांतपणे येत राहिला की शरीर हळूहळू सहनशील होते, ‘आयजीजी-४’ प्रकारची अडवणारी प्रतिद्रव्ये तयार होतात आणि शिंकांचा भडका उडवणाऱ्या ‘आयजीई’ प्रतिद्रव्यांची धार कमी होते. हे घडायला महिने लागतात. म्हणूनच ही गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात नाक मोकळे होईल, अशी अपेक्षा ठेवू नये. ते काम सेटिरिझिनचे किंवा नाकात मारायच्या फवाऱ्याचे आहे, आणि ती औषधे डॉक्टर बंद करा म्हणेपर्यंत गोळीच्या जोडीने चालूच राहतात.

पहिली पायरी : अ‍ॅलर्जी नेमकी कशाची आहे

ही पायरी मी मुद्दाम लांबवत आहे, कारण बहुतेक चुका येथेच होतात.

गोळी एका विशिष्ट अ‍ॅलर्जीकारक पदार्थावरच चालते. जगात आज ज्या पदार्थांच्या प्रमाणित गोळ्या उपलब्ध आहेत, त्यांची यादी तुटपुंजी आहे : घरातील धुळीतले माइट, टिमोथीसारखी थंड प्रदेशातील गवते, अमेरिकेत फोफावणारी रॅगवीड ही तणवनस्पती, युरोपातील बर्च वृक्ष आणि जपानमधील सुगी वृक्षाचे पराग. महाराष्ट्रातील मुलाच्या दृष्टीने या यादीतले कामाचे नाव एकच, ते म्हणजे माइट. कोकणपट्टी आणि मुंबईची दमट हवा त्यांना फारच मानवते, कारण हे जीव पाणी पीत नाहीत, हवेतील ओलावा शोषून जगतात आणि हवा कोरडी झाली की तग धरू शकत नाहीत. आपल्या त्वचेचे झडलेले सूक्ष्म कण हे त्यांचे अन्न, आणि गादी, उशी, गोधडी, मऊ खेळणी ही त्यांची वस्ती. मुलाला त्रास होतो तो मुख्यतः त्यांच्या विष्ठेतील प्रथिनांमुळे. याउलट झुरळ, बुरशी किंवा पुण्याच्या परिसरात १९५० च्या दशकात प्रथम नोंदले गेलेले आणि नंतर देशभर पसरलेले गाजर गवत यांच्यासाठी अशी प्रमाणित गोळी नाही. तुमच्या मुलाची मुख्य तक्रार गाजर गवताची असेल, तर माइटची गोळी तीन वर्षे निष्ठेने दिली तरी ऐन पावसाळ्याअखेरीस ते मूल शिंकतच राहील.

निदानाची सुरुवात प्रयोगशाळेत न होता तुमच्या सांगण्यातून झाली पाहिजे. त्रास बारमाही आहे की ठरावीक महिन्यांत? अंथरूण झटकताना, दिवाळीची साफसफाई करताना, माळ्यावरच्या गाद्या पाहुण्यांसाठी काढल्यावर तो वाढतो का? उघड्यावर खेळताना बरे वाटते आणि घरात आल्यावर नाक चोंदते का? ही उत्तरे माइटकडे बोट दाखवत असतील तरच चाचणीला अर्थ येतो.

चाचणी दोन प्रकारे होते. पहिली त्वचेवरची, ज्यात हाताच्या आतल्या बाजूला निरनिराळ्या अर्कांचे थेंब ठेवून प्रत्येकातून अगदी वरवर टोचले जाते. रक्त येत नाही आणि मूल पहिल्या दोन थेंबांनंतर सहसा घाबरेनासे होते. पंधरा-वीस मिनिटांनी ज्या ठिकाणी साध्या द्रावणाच्या तुलनेत किमान ३ मिलिमीटर जास्त व्यासाची गांधी उठते, ते ठिकाण पॉझिटिव्ह मानतात. या चाचणीपूर्वी सर्दीच्या, म्हणजे अँटिहिस्टॅमिन प्रकारच्या गोळ्या आणि सिरप साधारण पाच ते सात दिवस बंद ठेवावे लागते. पालकांना हे सांगायचे राहून जाते आणि चाचणीचा दिवस वाया जातो, म्हणून वेळ ठरवताना स्वतःहून विचारावे. दम्याचा पंप मात्र स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नये. दुसरी चाचणी रक्ताची, ज्यात विशिष्ट पदार्थाविरुद्धचे आयजीई मोजतात. त्वचेवर इसब पसरलेला असेल किंवा औषध थांबवणे शक्य नसेल, तर ती सोयीची ठरते.

येथे एक नाराजी व्यक्त केल्याशिवाय पुढे जाववत नाही. नव्वद-शंभर पदार्थांचे ‘पॅनेल’ म्हणून रक्ताचा एक लांबलचक अहवाल हातात देण्याची पद्धत बोकाळली आहे. आमच्या ओळखीच्या एका घरात असा अहवाल आल्यावर पाच वर्षांच्या मुलाचे दही, केळी, वांगी, शेंगदाणे आणि गहू एका दुपारीत बंद झाले. नाक होते तसेच वाहत राहिले आणि वजन मात्र घटले. अहवालात एखादा पदार्थ पॉझिटिव्ह येणे म्हणजे शरीराला त्याची जाणीव झालेली असणे, एवढाच त्याचा अर्थ होतो. तो पदार्थ खाल्ल्याने किंवा श्वासातून गेल्याने प्रत्यक्ष त्रास होतो की नाही, हे वेगळे तपासावे लागते. गोळी सुरू करायची तर माइटची चाचणी पॉझिटिव्ह आणि लक्षणेही माइटशी जुळणारी, अशा दोन्ही गोष्टी हव्यात. एकीवर भागत नाही.

दुसरी पायरी : आपले मूल या उपचाराला योग्य आहे का

वयापासून सुरुवात करू. माइटच्या गोळीला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये प्रथम प्रौढांसाठी मान्यता दिली, २०२३ मध्ये ती १२ ते १७ वर्षांच्या मुलांपर्यंत वाढवली आणि २०२५ मध्ये ५ ते ११ वर्षांच्या मुलांनाही त्यात सामावून घेतले. या शेवटच्या विस्तारामागे १,४६० मुलांवर झालेली एक मोठी चाचणी होती, जिच्यात साधारण वर्षभराच्या उपचारानंतर नाकाची लक्षणे आणि औषधांची गरज यांचा एकत्रित गुणांक औषध नसलेली खोटी गोळी घेणाऱ्या मुलांच्या तुलनेत सुमारे २२ टक्क्यांनी कमी आढळला. हा आकडा नीट वाचावा. तो चमत्काराचा नाही. पण दोन्ही गटांतील मुलांना नेहमीची औषधे घेण्याची मुभा असताना त्यावर पडलेला हा फरक आहे. भारतात ही गोळी डेन्मार्कच्या ‘एएलके’ कंपनीशी करार करून डॉ. रेड्डीज या कंपनीने २०२५ मध्ये ‘सेन्सिम्यून’ या नावाने आणली. परवानगी कोणत्या वयासाठी आहे हे देशागणिक बदलते, म्हणून नातेवाइकाने परदेशातून पाठवलेल्या माहितीवर विसंबू नये. आपल्या हातातील वेष्टनातले माहितीपत्रक डॉक्टरांसमोर उघडून वयाची ओळ वाचून घ्यावी. आपल्याकडे अनेक वर्षांपासून वापरात असलेले जिभेखालचे थेंब ही वेगळी गोष्ट आहे. त्यांची मात्रा उत्पादकाप्रमाणे बदलते आणि गोळीवर झालेल्या चाचण्यांचे निष्कर्ष थेंबांना जसेच्या तसे लावता येत नाहीत.

वयानंतरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न दम्याचा. दमा असणे ही अडचण नाही. अनियंत्रित दमा असणे ही आहे. मूल आठवड्यातून अनेकदा निळा पंप मागत असेल, रात्री खोकल्याने उठत असेल, नुकतेच नेब्युलायझर लावण्यासाठी रुग्णालयात जावे लागले असेल, तर आधी दमा आटोक्यात आणावा आणि गोळीचा विचार नंतर करावा. पाच-सहा वर्षांपुढील मुलाला फुंकर नीट मारता येत असल्यास डॉक्टर श्वसनक्षमतेची चाचणी करून घेतात, आणि जोराने सोडलेल्या पहिल्या सेकंदातील हवेचे प्रमाण अपेक्षेच्या ७० टक्क्यांच्या खाली असल्यास सहसा थांबतात.

आणखी काही गोष्टी डॉक्टरांनी विचारल्या नाहीत तरी आपण सांगाव्यात. मुलाला पूर्वी कधी सर्वांगावर गांधी, श्वास अडकणे, शुद्ध हरपणे अशी तीव्र अ‍ॅलर्जीची प्रतिक्रिया आली आहे का. घास घशात किंवा छातीत अडकण्याची तक्रार आहे का, कारण अन्ननलिकेचा इओसिनोफिलिक दाह (विशिष्ट पांढऱ्या पेशी साचून येणारी सूज) असलेल्या मुलाला ही गोळी देत नाहीत. अर्धशिशी किंवा अन्य कारणाने प्रोप्रॅनोलॉलसारखे बीटा-ब्लॉकर औषध चालू आहे का, कारण त्याने तीव्र प्रतिक्रियेत जीव वाचवणाऱ्या अ‍ॅड्रिनॅलिनचा गुण कमी होतो.

शाकाहारी घरांसाठी एक मुद्दा वेगळा काढून सांगतो, कारण तो नंतर कळला की मने दुखावतात. माइटची ही गोळी फ्रीझ-ड्राय पद्धतीने केलेली असते आणि तिचा हलका साचा माशापासून काढलेल्या जिलेटिनचा असतो. श्रावण पाळणाऱ्या किंवा कायमच वर्ज्य मानणाऱ्या घरात हा निर्णय आधीच, आजी-आजोबांना बरोबर घेऊन करावा. श्रावण आला म्हणून महिनाभर गोळी थांबवली आणि नंतर आपणच पुन्हा सुरू केली, हा मार्ग वैद्यकीयदृष्ट्या चुकीचा आहे. माशाची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाच्या पालकांनीही हे डॉक्टरांच्या कानावर घालावे.

हिशेबही आधीच करावा. रोज एक याप्रमाणे तीन वर्षांच्या १,०९५ गोळ्या होतात. महिनाभराच्या पाकिटाची किंमत विचारून तिला छत्तीसने गुणावे, विमा कंपनीकडे बाह्यरुग्ण औषधांचा खर्च मिळतो का याची चौकशी करावी आणि मगच सुरुवात करावी. पैशांअभावी आठव्या महिन्यात सोडलेला उपचार न केल्यासारखाच असतो.

तिसरी पायरी : पहिली गोळी दवाखान्यातच

पहिली गोळी घरी देऊ नये. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिली जाते आणि नंतर किमान अर्धा तास तेथेच बसावे लागते. त्या दिवशी मूल ठणठणीत हवे. ताप, खोकला, घरघर, तोंड आलेले, नुकताच दात पडलेला किंवा काढलेला असेल, तर पुढची तारीख घ्यावी.

त्या अर्ध्या तासात काय होते, ते माहीत असलेले बरे. गोळी जिभेखाली ठेवल्यावर ती काही सेकंदांत विरघळते. पाचएक मिनिटांत मूल जीभ टाळूवर घासू लागते, घसा खाकरते आणि पुष्कळदा कानात बोट घालून ‘आई, कान आतून खाजतोय’ असे म्हणते. जिभेखाली ठेवलेल्या गोळीने कान खाजावा, याचे पालकांना नवल वाटते; पण तोंड, घसा आणि कान यांना जोडणाऱ्या चेताजालामुळे ते घडते आणि त्यात भिण्यासारखे काही नसते. जिभेखालचा भाग किंचित सुजल्यासारखा होणे, ओठ चुरचुरणे, पोटात थोडे दुखणे हेही या काळात दिसते. बहुधा तासाभरात ते ओसरते आणि रोज गोळी घेत राहिल्यावर पहिल्या काही दिवसांत किंवा आठवड्यांत कमी होत जाते. मुलाला हे आधीच सांगून ठेवले तर ते घाबरत नाही. न सांगता गोळी दिली, तर दुसऱ्या दिवशी ते तोंड घट्ट मिटून बसते आणि तेथून पुढे रोजची झटापट सुरू होते.

दवाखान्यातून निघण्यापूर्वी अ‍ॅड्रिनॅलिनची चर्चा करावी. अमेरिकेत या गोळ्यांबरोबर अ‍ॅड्रिनॅलिनचे आपोआप टोचले जाणारे पेन लिहून देणे हा नियमाचा भाग आहे. आपल्याकडे असे पेन सर्रास मिळत नाहीत, म्हणून मुलाच्या वजनानुसार मात्रा, ती कोणी टोचायची आणि जवळचे चोवीस तास उघडे असणारे रुग्णालय कोणते, हे कागदावर लिहून घ्यावे आणि तो कागद फ्रिजच्या दारावर लावावा.

चौथी पायरी : रोजचे एक मिनिट

दुसऱ्या दिवसापासून गोळी घरी. कृती सोपी आहे, पण प्रत्येक बारकाव्याला कारण आहे. हात धुऊन पूर्ण कोरडे करावेत, कारण ओल्या बोटाला लागताच गोळी विरघळू लागते. पाकिटावरचा पापुद्रा सोलून गोळी अलगद उचलावी. नेहमीच्या गोळीसारखी अंगठ्याने मागून दाबून काढायला गेल्यास तिचा चुरा होतो. उचलल्याबरोबर ती मुलाच्या जिभेखाली ठेवावी आणि किमान एक मिनिट लाळ गिळू देऊ नये. त्यानंतर पाच मिनिटे पाणी, दूध, खाऊ काहीही नाही. शेवटी तुमचे आणि मुलाचे हात धुवावेत, कारण बोटावर राहिलेला अर्क डोळ्याला लागला तर डोळा लाल होतो.

एक मिनिट न गिळता बसणे सहा वर्षांच्या मुलाला फार मोठे वाटते. त्यासाठी वाळूचे घड्याळ, मनातल्या मनात साठपर्यंत आकडे किंवा रोजचा एखादा लहान श्लोक आईने म्हणायचा आणि मुलाने ऐकायचा, असे काहीही चालते. मुलाने स्वतः म्हणायला घेतले की गोळी जिभेवर येते, एवढे लक्षात ठेवावे.

वेळ कोणती ठेवावी? शाळेची बस पकडण्याच्या गडबडीत गोळी देऊ नये. पुढचा अर्धा तास मोठे माणूस मुलाजवळ असेल अशीच वेळ निवडावी. जपानमधील सूचनांमध्ये गोळीच्या आधी आणि नंतर दोन तास जोराचा व्यायाम आणि गरम पाण्याची आंघोळ टाळायला सांगतात, कारण रक्ताभिसरण वाढल्यावर प्रतिक्रिया तीव्र होऊ शकते. फुटबॉल खेळून घामाघूम आलेल्या मुलाला दारातच गोळी देऊ नये, हे त्यावरून सहज समजते. अनेक घरांत संध्याकाळचा अभ्यास सुरू होण्यापूर्वीची वेळ सोयीची पडते.

गोळ्या त्यांच्या मूळ पाकिटातच ठेवाव्यात. आठवड्याच्या सात कप्प्यांची प्लॅस्टिकची डबी आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांना ठीक आहे. पण मुंबईच्या जुलैत ही गोळी तिच्यात दुसऱ्या दिवशी चिकट झालेली सापडेल.

पाचवी पायरी : कधी थांबायचे आणि कधी धावायचे

तोंडाची आणि कानाची खाज सहन करता येते, आणि ती फार असल्यास डॉक्टर गोळीच्या आधी अँटिहिस्टॅमिन देतात. पुढील लक्षणांची गोष्ट मात्र वेगळी आहे : अंगभर गांधी उठणे, आवाज बसणे किंवा बदलणे, घसा आवळल्यासारखा वाटणे, घरघर आणि धाप, पुन्हा पुन्हा उलट्या, मूल एकदम मलूल आणि पांढरेफटक पडणे. अशा वेळी अ‍ॅड्रिनॅलिन जवळ असल्यास मांडीच्या मध्यभागी बाहेरच्या बाजूला स्नायूत टोचावे, मुलाला आडवे करून पाय वर उचलावेत, श्वास घेणे जड जात असल्यास बसू द्यावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. सिरपचा चमचा देऊन वाट पाहत बसू नये. या गोळ्यांमुळे इतकी तीव्र प्रतिक्रिया क्वचितच येते, पण पहिली गोळी दवाखान्यात देण्याचे कारणच ते आहे.

तिसरा प्रकार सावकाश येणारा आहे आणि म्हणून सुटून जातो. काही आठवड्यांनंतर मूल जेवायला फार वेळ लावू लागले, पोळीच्या प्रत्येक घासाला पाणी मागू लागले किंवा छातीत जळजळते म्हणू लागले, तर गोळी थांबवून डॉक्टरांना भेटावे. अन्ननलिकेच्या दाहाची ती सुरुवात असू शकते.

दुधाचे दात पडण्याच्या वयात खंड अटळ असतो. दात पडल्यावर, काढल्यावर किंवा तोंड आल्यावर जखम भरेपर्यंत गोळी बंद ठेवावी, आणि दमा असलेल्या मुलाला सर्दी-खोकल्याने धाप लागू लागली तर तेव्हाही. एखादा दिवस विसरल्यास दुसऱ्या दिवशी एकच गोळी द्यावी, दोन नव्हे. चाचण्यांमध्ये सात दिवसांपर्यंतचा खंड चालवून घेतला गेला होता. त्यापेक्षा जास्त दिवस गेल्यास पुन्हा कशी सुरुवात करायची, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. मे महिन्यात गावी जाताना कपड्यांच्या आधी गोळ्या पिशवीत टाकाव्यात, कारण महिनाभराचे खंड बहुतेक तेथेच पडतात.

घरातली धूळ

गोळी चालू आहे म्हणून घराकडे दुर्लक्ष करू नये. गादी आणि उशीला घट्ट विणीची, चेन असलेली खोळ घालावी, चादरी-अभ्रे दर आठवड्याला ६० अंश सेल्सिअसच्या आसपास गरम पाण्यात धुवावेत, मऊ खेळण्यांपैकी एकच पलंगावर ठेवावे, आणि केर कोरड्या झाडूऐवजी ओल्या फडक्याने काढावा. भिंतीला ओल धरून पोपडे निघत असतील तर त्याची दुरुस्ती कोणत्याही महागड्या हवाशुद्धी यंत्राच्या आधी करावी.

परदेशातील मराठी कुटुंबांसाठी

अमेरिका किंवा युरोपात राहणाऱ्या मुलांना माइटऐवजी गवताच्या परागांचा त्रास असणे फार शक्य आहे. त्याचे वेळापत्रक वेगळे असते : टिमोथी गवताची गोळी हंगामाच्या किमान बारा आठवडे आधी, तर पाच गवतांच्या मिश्रणाची गोळी चार महिने आधी सुरू करावी लागते, म्हणजे डॉक्टरांची वेळ ऐन हिवाळ्यातच घ्यायला हवी. शिंका सुरू झाल्यावर धावपळ केल्यास ते वर्ष हातचे गेलेले असते. युरोपात ८१२ मुलांवर गवताच्या गोळीची पाच वर्षांची चाचणी झाली, तीन वर्षे उपचार आणि दोन वर्षे निरीक्षण. दम्याचे निदान होण्याचा काळ ती पुढे ढकलू शकली नाही, पण दम्याची लक्षणे आणि औषधांचा वापर मात्र तिने कमी केला. ‘गोळी घेतली की दमा होत नाही’ असे कोणी ठामपणे सांगू लागले, तर या निकालाचे दोन्ही भाग आठवावेत.

फरक मोजायचा कसा

सुधारणा इतकी हळू येते की वही नसेल तर ती जाणवत नाही. गोळी सुरू करण्यापूर्वी दोन आठवडे आणि नंतर दर महिन्याच्या एका आठवड्यात चार गोष्टी लिहाव्यात : सकाळच्या शिंका, रात्री तोंड उघडे होते की बंद, सर्दीचे किंवा दम्याचे जादा औषध किती वेळा लागले आणि शाळा किती दिवस बुडाली. पहिला फरक साधारण दोन ते चार महिन्यांत दिसू लागतो. वर्ष पूर्ण झाल्यावर वही घेऊन डॉक्टरांकडे बसावे. वर्षभर नियमित देऊनही काहीच हालचाल नसेल, तर पुढे रेटण्यात अर्थ नाही, आणि मग निदान पुन्हा तपासावे.

फरक पडला असेल, तर मात्र उलट मोह आवरावा लागतो. दुसऱ्या वर्षी मूल बरे दिसू लागले की ‘आता कशाला’ असा सूर घरात उमटतो. गवताच्या अ‍ॅलर्जीच्या प्रौढ रुग्णांवर केलेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दोन वर्षांनी उपचार थांबवून पाहिला, तेव्हा वर्षभराने त्याचा लाभ उरलेला आढळला नाही; तीन वर्षे घेतलेल्यांमध्ये तो थांबवल्यानंतरही टिकल्याचे दुसऱ्या चाचणीने दाखवले आहे. तिसरे वर्ष त्यासाठी असते.

तीन वर्षांनंतर गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबवली की अनेक पालकांना पुन्हा त्वचेची चाचणी करून खात्री करून घ्यावीशी वाटते. ती बहुधा अजूनही पॉझिटिव्ह येते, कारण शरीराची जाणीव पुसली जात नाही, फक्त तिच्यावरची प्रतिक्रिया शांत झालेली असते; म्हणून त्या गांधीवरून उपचार फसला असे समजू नये आणि वही पुढचा एक पावसाळा तशीच चालू ठेवावी.